बेसिल कटलिपच्या दोन मुली आणि एक रायफल

बेसिल कटलिप गेले तेव्हा थोरल्या नेड्राला घर मिळालं, घरामागचा डोंगराचा तुकडा मिळाला आणि पिकअप गाडी मिळाली. धाकट्या ट्वायलाला मिळाली ती एक जुनी रायफल. आमच्या खोऱ्यात सगळे म्हणाले, नेड्राचं भलं झालं. नेड्रा मात्र त्या दिवसापासून आतल्या आत जळत राहिली, आणि तेही त्या रायफलीपायीच.

मी तिच्या घराच्या खालच्या वळणावर राहते. आमची शाळा एक, चर्च एक. दर गुरुवारी संध्याकाळी नेमबाजी क्लबच्या मैदानावर रायफलीने लोखंडी पाट्या पाडायची स्पर्धा असते, तिथे वेळ मोजायचं घड्याळ माझ्या हातात असतं. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं नेड्रानेच मला सांगितलं.

नेड्रा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. लग्न केलं नाही. बेसिलना कोळशाच्या खाणीत काम करून धुळीने फुफ्फुसाचा आजार जडला, तेव्हा त्यांचं खाणंपिणं, औषधं, ऑक्सिजनची नळकांडी, सगळं तिनेच पाहिलं. ट्वायला त्या वेळी दूर शार्लट शहरात होती. नाताळात यायची, डॅडींना हसवायची, निघून जायची. ती गाडीतून उतरली की म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळायचा, की नेड्रा भांडी घासायला आत निघून जायची.

रायफल होती साधीच, पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची. एकदा चाप ओढला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकायची आणि नवं आत ओढायची, अशी. बेसिलनी आयुष्यभर तिच्यावर खारी मारल्या, पाट्या पाडल्या. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती खोलायची आणि साफ करायची, हे काम नेड्राचं. कुठे काजळी धरते, कुठला भाग कोरडा ठेवायचा, कुठे तेलाचा एकच थेंब द्यायचा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. क्लबातली निम्मी मंडळी आपापल्या रायफली तिच्याकडेच आणायची. आणि शेवटी बेसिलनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, रायफल ट्वायलाला द्या. नेड्रा म्हणाली, "हो डॅडी."

ट्वायलाचा घटस्फोट झाला आणि ती परत आली. नदीपलीकडे एक चाकांवरचं घर भाड्याने घेतलं, दाताच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायची नोकरी धरली, आणि एका गुरुवारी ती रायफल घेऊन मैदानावर आली. ती डावखुरी, बेसिलही डावखुरे. तिने दस्ता डाव्या खांद्याला लावला आणि बाकावर बसलेले सगळे म्हातारे पुढे सरकून बसले. पाट्या पडत गेल्या, एकामागून एक, ठण ठण ठण. नंतर कुणीतरी म्हणालं, "अगदी बेसिलच उभा राहिलाय."

नेड्रा शेजारीच होती. तिने स्वतःसाठी नवी रायफल घेतली होती, चांगली होती, आणि कितीतरी उन्हाळे ती पहिली येत होती. त्या संध्याकाळी ती दुसरी आली. पुढच्या गुरुवारीही. ती बहिणीशी हात मिळवायची, हसायची. पण गाडीत बसली की इतक्या जोरात दार आपटायची, की मला माझ्या जागेवर ऐकू यायचं.

"डॅडींचा हात तिच्याकडे गेला, रायफल तिच्याकडे गेली," ती एकदा मला म्हणाली. "मला काय, तर गळकं छप्पर."

उन्हाळा भरात असताना ट्वायलाच्या रायफलीने दगा द्यायला सुरुवात केली. चाप ओढला की नुसता 'टक्' असा आवाज. आधी कधीतरी व्हायचं, मग दर मॅगझीनमागे, म्हणजे काडतुसांच्या प्रत्येक भरणीमागे, एखादं काडतूस फुसकं निघायला लागलं. पाट्या उभ्या, घड्याळ पळतंय, आणि ही बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता अडसर, मागे खेचून काडतूस काढतेय. साहजिकच ती नेड्राकडे गेली आणि न उडालेलं काडतूस तिच्या हातावर ठेवलं.

या काडतुसांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात, गोल पसरलेला असतो. चाप ओढला की रायफलीतली पिन त्या काठावर आपटते, काठ चेपला जातो आणि ठिणगी पडते. नेड्राने काडतूस उजेडात धरलं. काठावरची खूण अगदी पुसट होती, नखाने ओरखडा काढावा तशी. तिला एका नजरेत कळलं की काडतूस बिचारं निर्दोष आहे, आपटणंच दुबळं पडतंय. का, तेही कळलं. ट्वायला प्रेमापोटी दर आठवड्याला रायफलीला तेलाने आंघोळ घालत होती आणि काजळी कधीच खरवडत नव्हती. ते तेल काजळीत मिसळून चिकट होणार, पिन त्यातून रेटत जाणार. शिवाय नळीत जिथे काडतूस बसतं तिथे काजळीचं कडं तयार होणार, काडतूस पुरतं आत जाणार नाही, आणि पिनेचा जोर त्याला आत ढकलण्यातच संपणार. अर्ध्या तासाचं काम होतं.

"काडतुसं खराब आहेत," नेड्रा म्हणाली. "काठात मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. स्वस्तातल्या मालात असं होतंच. दुसरी घे."

"रायफलीत काही नाही ना?"

"डॅडींच्या रायफलीत काय असणार?"

यातलं पहिलं वाक्य सोडलं तर खोटं असं काही नव्हतं. मसाला कमी-जास्त पसरलेला खरंच असतो. असं काडतूस फिरवून घातलं, म्हणजे पिन काठावर दुसऱ्या जागी पडली, की बहुधा उडतं. पण तसं असतं तर खूण खोल असती, हे नेड्राला ठाऊक होतं. तिने ट्वायलाची फुसकी काडतुसं "बघते मी" म्हणून मागून घेतली आणि घरामागे आपल्या रायफलीतून झाडली. एकूण एक उडाली. ती मला नंतर म्हणाली, की तेव्हा तिला लाज नाही वाटली, हसू आलं.

मग ट्वायला काडतुसांच्या मागे लागली. शेजारच्या जिल्ह्यात जाऊन आणली, कुणाकडून बदलून आणली, महागाची आणली, मेणाच्या लेपाची आणली, तांब्याच्या लेपाची आणली. जोरकस काडतुसांनी एखादी संध्याकाळ बरी जायची, की पुन्हा टक्. बाकावरचे म्हातारे सल्ले देऊन दमले. कुणी म्हणालं, नेड्राला दाखव. ट्वायला म्हणाली, तिनेच तर सांगितलंय. त्यावर कोण काय बोलणार? नेड्रा पुन्हा पहिली यायला लागली. आता ती गाडीचं दार हळू लावायची.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ट्वायलाची पाळी होती. दोन पाट्या पडल्या, मग तिसऱ्या वेळी 'ठण' ऐकू आलंच नाही. भलताच बसका आवाज झाला, रायफलीच्या कुशीतून धूर आला, आणि ट्वायलाने गालावर हात दाबला. बोटांमधून रक्त येत होतं. बोल्ट पुरता मिटण्याआधीच काडतूस उडालं होतं आणि त्याचं बूड फाटलं होतं. रिकामी काडतुसं जिथून बाहेर पडतात ते भोक रायफलीच्या उजव्या अंगाला असतं. उजव्या खांद्याने नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून ते दूर राहतं, पण डावखुऱ्या माणसाचा चेहरा बरोबर तिथेच येतो.

मी "थांबा" म्हणायच्या आत नेड्रा पोचली होती. तिने ट्वायलाच्या हातून रायफल घेतली, नळीचं तोंड पाट्यांमागच्या मातीच्या बांधाकडे ठेवून मॅगझीन काढलं, ती खाली ठेवली आणि मग बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. चष्म्याच्या काचेवर एक चरा होता. पितळेचा तुकडा त्याच्याखाली गालात रुतला होता.

दवाखान्यात तुकडा काढला, दोन-तीन टाके पडले. क्लबचे अध्यक्ष एल्डन बॉग्ज यांनी त्या छापाची काडतुसं मैदानावर आणायची नाहीत असं जाहीर केलं. लोकांनी भरलेले डबे दुकानात परत केले. नेड्रा त्या सभेत बसली होती. काडतुसांना सगळे शिव्या देत होते आणि तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

आठवडा झाला असेल. ट्वायला गालाला पट्टी लावून नेड्राच्या दारात आली. हातात रायफलीची पेटी.

"घे," ती म्हणाली. "मला आता तिची भीती वाटते. आणि खरं सांगू का, डॅडींनी तुलाच द्यायला हवी होती."

नेड्राने ती घेतली. कॉफी देऊ का, हेही विचारायचं तिला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी तिने टेबलावर जुनं फडकं अंथरून रायफल खोलली. जिथे जे असेल असं तिला वाटलं होतं, तिथे ते होतं. पिनेच्या वाटेत काळा डिंक, काडतूस बसतं तिथे काजळीचं कडं, ज्याने बोल्ट पुरता मिटतच नव्हता. तिने पितळी ब्रशने सगळं खरवडून काढलं, कोरडं पुसलं आणि घरामागच्या बांधावर बंदी घातलेल्या छापाचाच अख्खा डबा झाडून पाहिला. एकही काडतूस फुसकं गेलं नाही. रायफल बेसिलच्या हातात चालायची तशी चालत होती.

आणि इथेच नेड्रा अडकली. आयुष्यभर हवी होती ती वस्तू आता तिची होती, पण मैदानावर नेऊन ती चालवणार कशी? बहिणीच्या हातात दगा दिलेली रायफल हिच्या हातात सुरळीत चालली की कुणीतरी विचारणारच. तिने ती कपाटात ठेवली. दोन गुरुवार ती आजारी आहे म्हणून आलीच नाही. तिसऱ्या गुरुवारच्या आधी माझ्याकडे येऊन बसली, मक्याचा पाव नुसता कुसकरत राहिली, आणि सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग?"

ती तिथूनच नदीपलीकडे गेली. ट्वायला पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. नेड्रा बसली नाही.

"काडतुसं चांगली होती. रायफल घाण झाली होती. पहिलं काडतूस तू माझ्या हातावर ठेवलंस तेव्हाच मला कळलं होतं."

ट्वायलाचे हात थांबले. "काडतूस फुटेल, हेही कळलं होतं?"

"नाही. पण फुटू शकतं, हे कळायला हवं होतं. मी तिकडे विचारच नेला नाही. तू हरत होतीस, तेवढंच मला दिसत होतं."

"माझा डोळा गेला असता, नेड्रा."

"हो."

"एका रायफलीसाठी?"

"रायफलीसाठी नाही गं. तू दारात आलीस की डॅडी जसे हसायचे, तसे माझ्याकडे बघून कधी हसले नाहीत. इतकी वर्षं मी घरात होते, तरी नाही."

ट्वायलाने हातातली शेंग मोडली. मग म्हणाली, "शेवटी शेवटी मी फोन केला की ते मला नेड्रा म्हणून हाक मारायचे. दर वेळी. मी म्हणायचे, डॅडी, ट्वायला बोलतेय, की म्हणायचे, बरं बरं, नेड्राला दे. तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीत बसलेले असायचे, आणि मी शेकडो मैलांवर फोन धरून रडायचे. तुला काय वाटलं, जळणारी तू एकटीच होतीस?"

तिने पुढची शेंग उचलली.

"घर हवं का म्हणून त्यांनी मला आधी विचारलं होतं," ट्वायला म्हणाली. "मी म्हटलं, नेड्राला द्या, तिने कमावलंय ते. मग म्हणाले, तर मग रायफल तरी घे. बस, इतकंच झालं. आता जा आणि माझी रायफल आण."

नेड्राने ती त्याच दुपारी नेऊन दिली. ट्वायलाने दारातच पेटी घेतली आणि दार लावलं.

नेड्रा एल्डनकडेही स्वतःच गेली आणि बंदी उठवायला सांगितली. खोऱ्यात अशी गोष्ट लपत नाही. तिच्याकडे रायफली आणणारे निम्मे लोक यायचे बंद झाले. चर्चच्या जेवणात तिच्या शेजारची खुर्ची काही महिने रिकामी राहायची, मी जाऊन बसेपर्यंत. मला तिची कीव करावीशी वाटली नाही. शाळेत ती मुलांना पूर्वीसारखीच जेवण वाढायची.

ट्वायला हिवाळाभर तिच्याशी बोलली नाही. बर्फ वितळल्यावर एका रविवारी ती न कळवता आली, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मला शिकव. मी हात लावीन, तू फक्त सांगायचं." नेड्राने हात मागे बांधले आणि सांगत गेली. ट्वायला आता दर रविवारी येते. जेवायला थांबतेच असं नाही.

मे महिन्यात स्पर्धा सुरू झाल्या आणि पहिल्याच गुरुवारी ट्वायलाने सगळ्या पाट्या अशा पाडल्या, की मी घड्याळ दोनदा पाहिलं. नेड्रा दुसरी. लोक ट्वायलाभोवती जमले, पुन्हा कुणीतरी बेसिलचं नाव काढलं. नेड्रा उठून गाडीत जाऊन बसली. काच वर, नजर समोर. मी जवळ गेले तर म्हणाली, "अजून तसंच जळतं गं. काही कमी झालेलं नाही. जरा बसू दे."

मी बसू दिलं. मग ती उतरली, गर्दीतून वाट काढत बहिणीपर्यंत गेली आणि हात पुढे केला. ट्वायलाने तो धरला, पण लगेच सोडला नाही. तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत राहिली.

"जळतेयस ना?" तिने विचारलं, सगळ्यांसमोर.

"खूप," नेड्रा म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस," ट्वायला म्हणाली आणि पाट्या उभ्या करायला मैदानाकडे निघाली. नेड्राही तिच्या मागून गेली, कारण त्या दिवशी पाट्या उभ्या करायची पाळी दोघींचीच होती.