पितृपक्षातली किल्ली

"आपल्या पितरांना इथं यायला व्हिसा लागतो, मंजू! तू गाडी कधी आणलीस ते त्यांना कळणार कसं?"

भिंतीपलीकडून हे आलं तेव्हा मी लसूण सोलत बसले होते. बाडहूव्हडॉर्प या विमानतळाजवळच्या डच गावातली आमची घरं ओळीनं एकमेकांना चिकटलेली. मधली भिंत इतकी पातळ की शेजारच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते मी सांगू शकते. ऐकण्यासाठी कान द्यावा लागत नाही. दिला नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही.

"गाडी माझ्या नावावर आहे ना? मग किल्ली मी दसऱ्याला घेणार."

"अगं, आज सगळ्या कागदांवर सह्या करून आलीस! गाडी धुऊन-पुसून उभी आहे. त्या माणसाला मी सांगू काय? एकोणीस दिवस थांब, आमचे आजोबा-पणजोबा जेवायला आलेत?"

"तू नको सांगूस. मी सांगते. आणि सही करणं म्हणजे गाडी घरी आणणं नव्हे, गौरव."

मग दार आपटलं, आणि पाचव्या मिनिटाला दोघांचं हसणं ऐकू आलं. त्या घरातली भांडणं अशीच असायची. पण हे भांडण मी जपून ठेवलं, कारण तीन वर्षांनी ते पुन्हा उपयोगी पडलं.

मंजूषा ही माझी शेजारीण. मी मुलाकडे, शिरीषकडे, इथं कायमची आले त्याच्या आधीपासून ती इथं आहे. तिच्या नवऱ्याला, गौरवला, कंपनीनं पुण्याहून बोलावलं आणि त्याच्या कागदांवर शेपटासारखी मंजूषाही आली. हे तिचेच शब्द. पुण्यात ती बँकेत होती. इथं पहिली दोन वर्षं तिनं खिडकीतून विमानं मोजली. तिसऱ्या वर्षी भारतातून पिठाची घरगुती गिरणी मागवली आणि मागच्या अंगणातल्या सायकलींच्या खोलीत ती बसवली.

"आवाजाची तक्रार नाही का गं कुणी करत?" मी एकदा विचारलं होतं.

"आजी, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जातंय. माझ्या गिरणीचं कोण ऐकतंय!"

ज्वारी, बाजरी, नाचणी, थालिपिठाची भाजणी, दिवाळीला अनारशाचं पीठ. दर शनिवारी ती पिशव्या भरून निघायची. आधी टिलबर्गला शुभदाच्या घरी, तिथून पंधरावीस मराठी घरं आपापलं पीठ उचलायची. मग खाली थेट मास्ट्रिख्टपर्यंत. तिथं शिकायला आलेली मुलं आणि दोन म्हातारी जोडपी वाट बघत असायची. पिठाबाबत तिचा एकच नियम होता. दळलेलं कितीही बारीक असो, स्वतःच्या हातानं चाळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. चाळणीत काही उरलं, तर ते काय आहे ते बघितल्याशिवाय टाकायचं नाही.

सुरुवातीला ही फेरी गौरवच्या गाडीतून व्हायची. म्हणजे गौरवला वेळ असेल तेव्हा. चाळिशी ओलांडल्यावर मंजूषा इथं गाडी शिकली, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली आणि स्वतःच्या नावावर नवी गाडी घेतली. तीच ही दसऱ्याची गाडी.

गाडी आणायच्या दिवशी तिनं मला बरोबर नेलं. शोरूममधल्या विक्रेत्याला भरघोस लाल मिशा होत्या, म्हणून आम्ही त्याला लालमिशा म्हणायचो. त्यांच्याकडे नव्या गाडीवर रेशमी कापड घालतात, ते ओढायला लावतात आणि हातात फुलांचा गुच्छ देतात. आम्हाला कौतुक वाटलं. मग आमची पाळी. मी गाडीला हळदकुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि त्याच्या चकचकीत फरशीवर नारळ फोडला. पाणी थेट कॉफीच्या यंत्रापर्यंत उडालं. लालमिशा घाबरला नाही. त्यानं फक्त विचारलं, "लिंबं काढायची की राहू द्यायची?" मंजूषा म्हणाली, "आता बघाच," आणि गाडी पुढे घेतली. चारही लिंबं एकदम फुटली. त्यानं टाळ्या वाजवल्या. आमचा फोटो काढला, छापून चौकटीत बसवून दिला. मंजूषानं तो गिरणीवरच्या भिंतीला लावला.

अडीच-तीन वर्षं गाडी छान चालली. मंजूषा दर शनिवारी निघण्याआधी इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून बघायची, पिठाच्या फडक्याला पुसून परत घालायची. मागच्या वसंतात, टिलबर्गच्या अलीकडे, हमरस्त्यावर लाल दिवा लागला आणि इंजिन खरखरलं. तिनं तिथल्या तिथं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. पुन्हा चालू करून बघितली नाही. आवाज तिच्या ओळखीचा होता, असं ती नंतर म्हणाली.

गॅरेजवाल्यांनी गाडी ओढून नेली. दोन दिवसांनी सांगितलं की इंजिन गेलं. नवं घालायचं तर निम्मी गाडी पुन्हा विकत घेतल्यासारखं. चुकीचं ऑइल घातलं असेल, म्हणाले.

"ऑइल तुम्हीच घातलंय," मंजूषा म्हणाली. "इंजिनातून काढलेलं आहे कुठे? मला द्या."

"ते कशाला?"

"माझं आहे म्हणून."

डबाभर काळं ऑइल घेऊन ती घरी आली. मी दारातच उभी होते. तिनं रवा चाळायची जुनी चाळणी घेतली, त्यात मलमलचं फडकं घातलं आणि ते सगळं ऑइल गाळलं. फडक्यावर काळे कण उरले, करपलेल्या मोहरीसारखे. एक कण तिनं बोटांत चिरडून बघितला. तो चिरडला नाही, दबून पुन्हा फुगला.

"रबर," ती म्हणाली. "आजी, गिरणीचा पट्टा घासायला लागला की असाच भुगा पडतो. या इंजिनात पट्टा ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो झिजला, त्याचा भुगा जाळीत अडकला, ऑइल वर चढेना. मी काही चुकीचं घातलेलं नाही."

चाळणी, फडकं आणि भुगा पिशवीत घालून ती गॅरेजमध्ये गेली. कंपनीचा माणूस गाडी तपासायला आला होता. तो चाळणीकडे बघत राहिला.

"हे काय आहे?"

"चाळणी. यातून रवा चाळतात. हा मात्र तुमचा पट्टा आहे."

गॅरेजचा मिस्त्री खाली मान घालून हसला, असं ती सांगत होती. असा पट्टा झिजलेल्या गाड्या आणखीही होत्या. टिलबर्गच्या शुभदाची तशीच गाडी, तिलाही कंपनीनं इंजिन बदलून दिलं होतं. अट एकच. दरवर्षीचं सर्व्हिसिंग वेळेत झालेलं हवं. मंजूषाचं झालं होतं. ती निर्धास्त होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पट्ट्यातला दोष कंपनीला मान्य आहे. पण पहिलं सर्व्हिसिंग सोळा दिवस उशिरा केल्यामुळे इंजिन मिळणार नाही.

"सोळा दिवस?" मंजूषा म्हणाली. "सर्व्हिसिंग दोन ऑक्टोबरला केलं. गांधीजयंती होती, लक्षात आहे माझ्या. गाडी पाच ऑक्टोबरची. वर्षाला तीन दिवस बाकी होते!"

गौरव पत्र दोनदा वाचून म्हणाला, "ते सोळा सप्टेंबरपासून मोजतायत. गाडी ताब्यात मिळाल्याच्या कागदावर तुझी सही सोळा तारखेची आहे, मंजू."

"त्या दिवशी लालमिशानं सगळे कागद एकदम पुढे केले. मी किल्लीला हात लावला नव्हता!"

"हे मला माहितीये. पितरांना माहितीये. कागदाला नाही माहीत."

यावेळी दार आपटलं नाही. नंतरचं हसणंही नाही. मग मंजूषाचा आवाज आला, अगदी हळू नाही. "मी चुकले नाहीये गौरव. आणि शनिवार कुणासाठी थांबत नाही."

गौरवची गाडी त्यांनी कधीच विकली होती, म्हणून शनिवारी ती चाकाच्या पिशवीत मावेल तेवढं पीठ भरून आगगाडीनं निघाली. टिलबर्गला गेली. मास्ट्रिख्टच्या लोकांना फोन करून सांगितलं, पुढच्या खेपेला. मी तिला जाताना बघितलं. पिशवीचं एक चाक कुरकुरत होतं, आणि निम्म्याहून जास्त पीठ मागे खोलीतच राहिलं होतं. असंच चाललं असतं तर वर्षाच्या आत गिरणीवर चादर पडली असती आणि ती पुन्हा खिडकीत जाऊन बसली असती.

शोरूममध्ये ती गेली होती. लालमिशा तिथं नव्हता, नवा माणूस होता. कागदावर जे आहे तेच आहे, म्हणाला.

त्या आठवड्यात मी भाजणी दळायला घेऊन गेले. गिरणी चालू असताना बोलता येत नाही. विमान आणि गिरणी या दोन्हींपुढे माझा आवाज कमी पडतो. मी स्टुलावर बसले. समोर भिंतीवर तो फोटो, वर पिठाचा थर. आपण त्यात कशा दिसतो ते बघावं म्हणून मी पदरानं काच पुसली. आधी माझा नारळाचा हात निघाला, मग मंजूषाचा पिवळा शालू, मग फुटलेली लिंबं. आणि खाली, चौकटीच्या कडेला, छापलेलं काहीतरी. मी चौथी शिकलेली. डच मला वाचता येत नाही, पण आकडा सगळीकडे आकडाच असतो. मी गिरणीचं बटण बंद केलं.

"आजी, काय झालं? अर्धवट दळलंय!"

"अगं इकडे ये. हा पाच आणि हा दहा ना?"

तिनं जवळ येऊन बघितलं. गाडीचा नंबर, तारीख, शोरूमचं नाव आणि लालमिशाची वळणदार सही. ती तीन वर्षं रोज त्याच्याखाली उभी राहून पीठ दळत होती.

गौरव संध्याकाळी म्हणाला, "फोटोवर कुणी काहीही छापेल म्हणतील ते."

"म्हणू देत. ज्यानं छापलं त्यालाच विचारते." सहीवरून नाव कळलं, फोन केल्यावर कळलं की लालमिशाची बदली त्याच शोरूमच्या मास्ट्रिख्टच्या शाखेत झालीय. मंजूषा हसली. "म्हणजे माझ्या फेरीवरच आहे की."

पुढच्या शनिवारी ती आगगाडीनं थेट मास्ट्रिख्टला गेली. एका हातात पीठ, एका हातात फोटो. परत आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं, चप्पल न काढता.

"आत शिरले तर तो मला बघून ओरडलाच, 'लिंबं!' आजी, त्याला माझं नाव आठवेना, लिंबं आठवली. मी सगळं सांगितलं. तर म्हणाला, थांबा. इथं प्रत्येक भेटीची नोंद असते ना, आफस्प्राक म्हणतात ते. त्यानं संगणकात तीन वर्षं मागे जाऊन शोधलं. पाच ऑक्टोबर, अकरा वाजता, माझं नाव, गाडी सुपूर्द करणे. आणि खाली लिहिलंय, 'नारळ. फरशी पुसायला माणूस हवा.'"

"अगं बाई!"

"त्याच्या वर आणखी एक ओळ. सोळा सप्टेंबर. 'ग्राहकाचे पूर्वज आले असल्यामुळे गाडी पाच ऑक्टोबरपर्यंत इथेच राहील.' मी तेव्हा त्याला जे सांगितलं होतं, ते त्यानं शब्दन्शब्द लिहून ठेवलं होतं आजी! मला वाटलं होतं हा माणूस नुसती मान हलवतोय."

गौरव दारात उभा राहून ऐकत होता. "म्हणजे पितरांना व्हिसा मिळाला तर," तो म्हणाला.

"नोंदही झाली," मंजूषा म्हणाली. "तू मात्र त्यांना घरात घेत नव्हतास."

लालमिशानं ती नोंद आपल्या सहीनं कंपनीला पाठवली. मंजूषानं सोबत फोटो जोडला आणि हमीच्या पुस्तकातलं एक वाक्य खुणावून दिलं, की वर्ष मोजायचं ते गाडी ग्राहकाच्या हाती गेल्या दिवसापासून. ते पुस्तक तिनं पहिल्या आठवड्यातच बोट ठेवून वाचलं होतं. शेवटी लिहिलं, की उत्तर आलं नाही तर ती ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीपुढे जाईल, आणि चाळणी घेऊन जाईल.

समितीपर्यंत जावं लागलं नाही. महिनाभरानं दोन ओळींचं पत्र आलं. नवं इंजिन, कंपनीकडून. चुकलो असं त्यात कुठंच नव्हतं. मंजूषा म्हणाली, "त्यांनी इंजिन द्यावं, माफी मी धरून चालते."

गाडी परत आली ती बुधवारी, अमावास्येला. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "आजी, नवं इंजिन आहे, गाडी जुनीच. आणि पीठ साठलंय." असं असतं तिचं पंचांग.

शनिवारी सकाळी तिनं ऑइलची पट्टी ओढली, पिठाच्या फडक्याला पुसली, बघितली, परत घातली. मागची सीट पाडून पिशव्या रचल्या आणि निघाली. टिलबर्ग, मग मास्ट्रिख्ट. तिथं वाटेत लालमिशालाही भाजणीची एक पिशवी दिली. थालिपीठ कसं थापायचं ते त्याला डचमध्ये कसं समजावलं असेल, देव जाणे.

सहाच्या सुमारास, चांगलं ऊन असताना, गाडी आमच्या गल्लीत वळली. शेवटची पिशवी नेहमी माझी असते. तिचं घर आधी लागतं, पण ती तिथं थांबत नाही. एक घर पुढे येते, माझ्या दारासमोर गाडी उभी करते आणि दोनदा हॉर्न वाजवते. मी एकदा म्हटलं होतं, अगं भिंतीवर टकटक केलीस तरी चालेल. तर म्हणाली, पोचवायचं म्हणजे दारात.

दोनदा हॉर्न वाजला. मी हात पुसत बाहेर आले.

"आजी, नाचणी दोन किलो," ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाली. "चाळून घेतलीय."