मेलेल्या माणसाचा पाय

तहसीलच्या जिन्याखाली माझ्या नवऱ्याला सतरंजीवर निजवलं होतं. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती, वर फडकं टाकलं तरी माश्या हटत नव्हत्या. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होते आणि रेशनकार्डाचं काम बघणारा बाबू वरच्या कठड्यावरून वाकून बोलत होता.

"मावशी, माणूस वर आणा. मशीनवर अंगठा लागल्याबिगर काही व्हायचं न्हाई."

"मशीन खाली आणा की."

"मशीन कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटर टेबलावर. आता काय टेबल खाली आणू?"

"त्यांचा पाय तरी बघा एकदा."

"मी बघून काय उपयोग? हितं तर ते मयत दाखवून राह्यलेत."

खालून मालक म्हणाले, "मयताला उचलायला चौघं लागतात. उचलणारे दोघंच आहेत." मी नवऱ्याला मालक म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. त्यांना असल्या वेळी बोलायची खोड होती. बाबू हसला नाही आणि मलाही हसू आलं नाही.

ते मेले कसे, ते सांगते.

मालक शिंपी. वडीगोद्रीला रोडच्या कडेला त्यांचं दुकान होतं आणि घर तिथून आत आमच्या खेड्यात. उन्हाळ्यात एक दिवस ते दुकानाबाहेर बसून शर्टाला बटणं लावत होते, तर कावळा आला आणि त्यांच्या डोक्यात चोच मारून गेला. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की तो जगत नाही, असं आमच्याकडं मानतात. त्याला उपायही आहे. त्या माणसाच्या लांब राहणाऱ्या नातेवाइकाला तो मेल्याची खोटी बातमी द्यायची. त्या नातेवाइकानं खरोखर रडायचं. कोणी खरं रडलं की मरण फिटलं. मग सांगायचं, बाबा, माणूस धडधाकट आहे, कावळ्यासाठी केलं. ती माणसं शिव्या देतात, तोंडात गूळ घालतात, संपलं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मालकांचाही नव्हता, पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. माझ्या दिरानं ते पाहिलं आणि केदारखेड्याला नणंदेला फोन लावला. "अक्का, दादा गेला." नणंदेनं तिकडं हंबरडा फोडला, तो आम्हाला चुलीजवळ ऐकू आला. मालक पाटावर बसून ऐकत होते. बहीण आपल्यासाठी रडते हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, कारण नंतर ते दोन भाकरी जेवले.

पूर्वी ही बातमी घेऊन माणूस जायचा. तोच रडवायचा, तोच खरं सांगून पाणी पिऊन यायचा. बातमी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडायची नाही. या वेळी दिरानं फोन ठेवला आणि घडीभरानं परत लावला. नणंदेनं खरं कळल्यावर त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं, मग म्हणाली, "मेल्या, पोरानं तर मोबाइलवर टाकलं की!" तिचा मुलगा, आमचा भाचा, मास्तर आहे. त्यानं मामाचा फोटो हार घालून मोबाइलवर टाकला होता. लगेच काढला म्हणतो. पण तेवढ्यात तो फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर येऊन पडला होता. लोक चहा प्यायला दुकानात यायचे आणि मालकांना म्हणायचे, "काय, तेराव्याला बोलावलं न्हाई?" चार दिवस चेष्टा झाली आणि मिटलं, असं आम्ही धरून चाललो.

पुढं रेशन घ्यायला गेले तर धान्य कमी. दुकानदार म्हणाला, "वरूनच कमी आलंय." मी त्याला चोर म्हणाले. त्यानं बावट्यासारखं हलणारं बिल माझ्यापुढं धरलं. मला वाचता येतं, मी चौथी शिकलेली आहे, पण त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. मी बिल चुरगाळून टाकलं आणि घरी आले. माझं नाव होतं, माझा अंगठा लागत होता, एका माणसाचं धान्य मात्र येत नव्हतं. अशा गोष्टीला कोणी तहसीलला जात नाही.

मग मालकांचा पाय दुखायला लागला. ते उभा जन्म पायानं शिलाई मशीन चालवत आलेले. दुखणं अंगवळणी पडलेलं, म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. साखर होतीच. अंगठ्याजवळची बोटं निळी झाली तेव्हा त्यांना जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पायाची नस बंद झाली आहे. नस उघडायचं काम इथं होत नाही, ते मोठ्या खाजगी दवाखान्यात होतं आणि सरकारी योजनेत फुकट होतं. उघडली तर पाय राहील. नाही उघडली तर पाय कापावा लागेल. कापायचं काम मात्र इथं होतं.

खाजगी दवाखान्यात योजनेची वेगळी खिडकी होती. तिथं एक मुलगी बसायची. तिनं रेशनकार्डाचा नंबर टाकला, परत टाकला, मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजी, पेशंट कोण लागतात तुमचे?"

"नवरा."

"कार्डावर ते मयत आहेत."

मालक चाकाच्या खुर्चीत शेजारीच बसले होते. म्हणाले, "बाई, मंग मी कोण?"

मुलगी चांगली होती. तिनं वरच्या साहेबांना फोन लावले, मालकांचा फोटो काढून पाठवला. मालकांनी फोटोसाठी टोपी नीट केली. वरून उत्तर आलं की फोटो चालत नाही, कार्डावर नाव लागलं की लगेच मंजुरी देऊ. ती म्हणाली, "आजी, नाव तहसीलला लागंल. जल्दी करा. डॉक्टर म्हणून राह्यले, दोन-तीन दिवसांवर थांबता येणार न्हाई." पैसे भरून करायचं म्हटलं तर आकडा ऐकूनच दीर खाली बसला. एक मुलगी आहे आम्हाला, तिचंच पोट हातावर. ती वाट तिथंच संपली.

मालकांना परत सरकारी दवाखान्यात खाटेवर ठेवून मी आणि दीर गावी ग्रामपंचायतीत गेलो. तिथला कॉम्प्युटरवाला दोन गावांचं काम बघतो, राहतो अंबडला. बायको-लेकरांचा, वयानं चाळिशीचा माणूस. आम्हाला बघून उठला आणि हात जोडले. "काकू, काका गेल्याचं वाचलं, फार वाईट वाटलं. मी तर सगळं करून ठिवलंय." त्यानं ड्रॉवर उघडला आणि मालकांचा मृत्यूचा दाखला काढून दिला. चकचकीत, वर प्लास्टिक लावलेला. "मेलेल्यांची नावं कमी करा म्हणून तहसीलचा तगादा होता. म्हणलं दुःखात तुम्हाला चकरा नको. रेशनचं बी करून टाकलं, दाखल्याचे पैसे बी मीच भरले."

"काका जालन्याला खाटेवर आहेत," मी म्हणाले.

तो खाली बसला.

"अरे बाबा, एकदा दारात येऊन बघायचं होतंस. आम्ही रडून राह्यलो का जेवून राह्यलो."

त्याचं तोंड उतरलं. त्यानं कॉम्प्युटर लावला, बराच वेळ खाली-वर केलं. मग म्हणाला, "काकू, मयत टाकायचं बटण माझ्याकडं आहे. ते मागं घ्यायचं न्हाई. ते तहसीलला." त्याला शिव्या द्यायच्या म्हणून माझ्या तोंडात आल्या होत्या, पण त्यानं आमचं भलंच करायला घेतलं होतं. फोन केला दिरानं, फोटो टाकला भाच्यानं, नाव काढलं यानं. यांच्यात एकही वाईट माणूस नव्हता आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन बसता आलं असतं.

मी एकटीच तहसीलला गेले तेव्हा बाबूनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ज्याचं नाव लावायचं तो माणूस समोर पाहिजे. दवाखान्यात म्हणाले, पेशंट हलवायचा नाही. तहसील म्हणतं आणा, दवाखाना म्हणतो नेऊ नका. मी दोन्हीकडं बसले आणि दोन्हीकडून उठले. शेवटी डॉक्टरांना लिहून दिलं की आमच्या जबाबदारीवर नेतो, आणि मालकांना भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून अंबडला आणलं. सुरुवातीला सांगितलं ते जिन्याखालचं हेच.

गाडीवाला आणि दीर यांनी मालकांना खुर्चीत बसवून वर नेलं. मधल्या वळणावर पाय कठड्याला लागला. मालक ओरडले, तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर येऊन वर बघू लागली. बाबूनं मशीन पुढं केली. मालकांनी अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. परत ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. बाबूनं सगळी बोटं घेतली.

"मयताचा अंगठा घेत न्हाई ते," बाबू म्हणाला. आता तोही घाबरला होता. "वरून उघडून द्यावं लागंल. जालन्याच्या साहेबांकडं पासवर्ड आहे."

"लावा फोन."

त्यानं लावला. मी समोर उभी राहूनच लावायला लावला. साहेब नव्या कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला गेले होते, सोमवारी येणार होते. त्या दिवशी शुक्रवार होता.

बाबू मला म्हणाला, "मावशी, सोमवारी पहिलं काम तुमचंच." त्यानं मालकांसाठी चहा मागवला. मालकांनी तो घेतला नाही. त्यांना ताप भरला होता आणि पायाचा वास त्या खोलीत सगळ्यांना येत होता. मी फडकं उचलून बघितलं. काळं बोटांच्या वर सरकलं होतं.

मी जिन्यात बसले. एका बाजूला पाय होता, तो सोमवारशिवाय मिळणार नव्हता. दुसऱ्या बाजूला माणूस होता, तो सोमवारपर्यंत राहील असं मला वाटेना. दीर म्हणत होता, "वैनी, दोनच दिवस. देव बघंल." मी म्हणाले, "तुझा कावळा बघितला. आता गाडी जालन्याला घे, सरकारीत."

पाय कापायचा हे मालकांना मी गाडीतच सांगितलं. लांबण लावली नाही. म्हणाले, "शिलाईची मशीन?"

"मशीन आता सुटली," मी म्हणाले. ते खिडकीकडं तोंड करून पडले.

सरकारी दवाखान्यातही कॉम्प्युटर होता. तिथल्या माणसानं परत नाव, गाव, वय विचारलं आणि नवा केसपेपर काढून दिला. मेलेले की जिवंत, हे विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता बोटांवर भागणार नाही, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. मी सही केली. त्याच संध्याकाळी पाय काढला.

साहेब सोमवारी आले. नाव लागायला मात्र दिवाळी उलटली, कारण दाखला आधी रद्द व्हावा लागतो आणि तो रद्द करणारं ऑफिस वेगळं. दुकान आम्ही त्याआधीच सोडलं.

मालक वाचले. आज ते माझ्याबरोबर घरात आहेत, आणि कार्डावरही आहेत.