गरम पडणारी सुई

माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची आक्का, निलंग्याला राहते. तिथल्या मंगल कार्यालयात आरोग्याच्या डिजिटल नोंदणीचं शिबिर भरलं होतं. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचेही झाले. रुग्णांची पाळी आली तेव्हा जेवणं वाढायला घेतली होती. लॅपटॉपवरच्या बाईंनी घाईघाईत विचारलं, "काही त्रास?" आक्का म्हणाली, "पेनशिलीनची सुई मला लई गरम पडती."

आमच्याकडे पपई गरम पडते, गूळही पडतो. पण आक्का तरुण असताना लोह्याच्या दवाखान्यात तिला ही सुई टोचली आणि बघता बघता तिचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. मी शेजारी उभा होतो. माणसाचे ओठ निळे पडतात हे मला तेव्हा कळलं. त्या प्रसंगाला ती आजवर एवढंच म्हणत आली: गरम पडली.

गेल्या हिवाळ्यात उसाचं खोडकं तिच्या पायात घुसलं. पाय टम्म फुगला म्हणून भाच्यानं तिला लातूरच्या दवाखान्यात भरती केलं. मी नांदेडहून पोचलो तेव्हा भाचा औषधं आणायला खाली गेला होता आणि सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन खाटेशी उभ्या होत्या.

"ती गरम पडती मला," आक्का सांगत होती.

"ताप उतरलाय आजी तुमचा. हात सरळ करा."

"सिस्टर, थांबा," मी म्हणालो. "कसलं इंजेक्शन आहे?"

त्यांनी नाव सांगितलं. पेनिसिलिनच्याच घराण्यातलं होतं. मी त्यांच्या आणि खाटेच्या मधे जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी येऊन स्क्रीन माझ्याकडे वळवली. निलंग्याची नोंद होती. ताप: वारंवार. ॲलर्जी: नाही.

"सर, सिस्टिममध्ये तर क्लिअर आहे."

"सिस्टिम लोह्याला नव्हती. मी होतो."

"आधी चाचणीपुरतं थोडं देऊन बघू?"

"तिथंही थोडंच दिलं होतं. उरलेलं द्यायची वेळच आली नाही."

सिरिंज अजून सिस्टरांच्या हातातच होती. मग डॉक्टरांनी आक्काला विचारलं, "आजी, गरम पडती म्हणजे काय होतं?"

"काय होतंय? मरता मरता राहिले होते की."

डॉक्टरांनी औषध बदललं. नोंद मात्र बदलेना. जिथं केली तिथंच दुरुस्त होईल, असं ती स्क्रीन इंग्रजीत सांगत होती. तिथं म्हणजे मंगल कार्यालयात. त्या शिबिराचा मांडव त्याच संध्याकाळी उतरला होता. डॉक्टरांनी आपल्या बाजूनं नवी नोंद जोडली. आता आक्काला ॲलर्जी नव्हती आणि होतीही.

संध्याकाळी मी तिला शब्द शिकवायला बसलो. "आक्का, ॲलर्जी म्हण."

"अलर्जी."

"आता गरम पडती म्हणायचं नाही."

"का? मराठी न्हाई का ते?"



सकाळी पाळी बदलली. नव्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या, मोबाइलवर नोंद उघडली आणि अंगठ्यानं वर सरकवू लागल्या. कुठल्या नोंदीवर त्यांचा अंगठा थांबेल ते मला दिसत नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात आक्कानं हात चादरीत ओढून घेतला.

"बाई, आधी सुईचं नाव सांग," ती म्हणाली. "मग हात काढते."