आधी साहेबाचं मशीन

साहेब हा शब्द अजूनही माझ्या तोंडून सरळ निघत नाही. पण नाव सांगायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा साहेबच म्हणते.

पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या बौद्धवस्तीतून कॉम्प्युटरवर बसणारी मी पहिलीच. सहा महिने काम बघू, मग कायम करू, असं साहेबानं सांगितलं होतं. घरात नोकरीवालं दुसरं कुणी नव्हतं.

कारखान्यात दोन मशीनं होती, कॉम्प्युटरला आम्ही मशीनच म्हणायचो. मोठं आतल्या खोलीत, त्याच्या डिस्कवर सगळी ड्रॉइंगं. लहान साहेबाच्या केबिनमध्ये. लहानाकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. सुरू होताना ते केबलमधून मोठ्याची डिस्क मागून घ्यायचं, आणि मग ती ड्रॉइंगं साहेबाला आपल्याच मशीनवर असल्यासारखी दिसायची. पण काही सकाळी दिसायचीच नाहीत. पलीकडून उत्तर नाही, अशी इंग्रजीत एक ओळ पडद्यावर यायची आणि पुढे सगळं रिकामं.

मग मला बोलावणं. "काल कशाला हात लावलास?" दर वेळी हेच. हात लावल्याचा आरोप आमच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा, त्यामुळे माझं डोकं भडकायचं. आणि वर फोरमन म्हणायचा, ही यायच्या आधी सगळं नीट होतं. मी यायच्या आधी कारखान्यात दुसरं मशीनच नव्हतं, पण हे त्याला कोण सांगणार.

पुण्याहून इंजिनिअर यायचा तो अकरा वाजता. त्यानं एकदा केबल बदलली, एकदा मशीन उघडून आतलं कार्ड बदललं. दर वेळी शेवटी लहान मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि ड्रॉइंगं हजर. "बघा, काही झालेलं नाही," म्हणत चहा पिऊन निघून जायचा. काही झालेलं नाही म्हणजे पुन्हा मीच. साहेबाला कारण हवं होतं आणि मी सोयीची होते.

पाचवा महिना संपताना साहेब म्हणाला, पुढच्या महिन्यात हे थांबलं नाही तर तू घरी बस. मग मीही हट्टाला पेटले. रोज सगळ्यांच्या आधी जाऊन वही घेऊन उभी राहू लागले. त्या वेळी ऑफिसात फक्त शिपाई मामा असायचे. कारखान्याची शेड त्यांच्याच शेतावर उभी होती, जमिनीच्या बदल्यात ही नोकरी मिळालेली. मामा आधी साहेबाची केबिन उघडायचे, दिवा, पंखा, मशीन लावायचे, आणि मग आत जाऊन मोठं मशीन.

आठ-दहा दिवसांत वहीनं सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी पावसात, काम चालू असतानाच लाईट गेलेली असली की मोठं मशीन सकाळी उठल्यावर आधी आपली सगळी डिस्क तपासत बसायचं. पंधरा मिनिटं जायची. तेवढ्यात लहान त्याला हाका मारून मारून थकायचं, नाद सोडायचं आणि मग दिवसभर पुन्हा विचारायचं नाही. मी नीट बंद केलेलं असलं की मोठं लवकर उठायचं आणि कसंबसं निभावायचं. एवढंच होतं. एवढ्यासाठी माझा जीव खाल्ला होता त्यांनी.

"मामा, आधी मोठं मशीन लावा. साहेबांचं पंधरा मिनिटांनी."

"न्हाई गं बाय. आदी माजी केबिन, असं सायबानंच सांगितलंय. तू बी हुतीस की तितं."

होते मी. कारखान्यात आधी माझी केबिन सुरू झाली पाहिजे, मग बाकीचं, असं माझ्यासमोरच त्यानं मामांना दरडावलं होतं. मी मामांना म्हटलं, माझी नोकरी जाईल. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. मग म्हणाले, "तुजी नोकरी ऱ्हात आसंल तर लावतो."

पुढच्या तीन आठवड्यांत पाच-सहा वेळा संध्याकाळची लाईट गेली, पण ड्रॉइंगं एकाही सकाळी चुकली नाहीत. मी वही साहेबापुढे ठेवली. माणूस मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता. त्यानं दोन मिनिटांत सगळं ओळखलं. ड्रॉवरमधून मला कायम केल्याचं पत्र काढलं, पेनचं टोपण उघडलं आणि मामांना आत बोलावलं.

"इतके महिने तू आधी माझं मशीन लावत होतास?"

"व्हय. तुमीच सांगितलं हुतं, सायेब."

"मी?" साहेब माझ्याकडे वळला. "तू ऐकलंयस मला असं सांगताना?"

पेन अजून कागदाला टेकलं नव्हतं. मी म्हटलं, "मला आठवत नाही."

साहेबानं सही केली.

मामांना त्याच आठवड्यात काढलं. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, "तुजं काम झालं न्हवं?" मला त्याचाही राग आला. त्यांनी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. साहेबाला मी आजवर पोटभर शिव्या दिल्यात आणि तो त्या लायकीचा होताच. पण त्यानं नुसतं विचारलं होतं. खोटं मी बोलले.

मामांच्या जागी कुणाला घेतलं नाही. सकाळी मशीनं लावायचं काम माझ्याकडे आलं. आधी मोठं लावायचं, मग मामांच्या स्टुलावर पंधरा मिनिटं बसून राहायचं, मग साहेबाचं. पुढं कित्येक वर्षं केलं. एकदाही चुकलं नाही.