सहा गोण्यांचे पाटे

शिवदास भावोजींचं डोकं चांगलं होतं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. मी तिचा मान राखून गप्प बसायचो. माझ्या हळदीच्या दिवशी या माणसानं जे केलं, ते चांगल्या डोक्याचा माणूस करत नाही.

भावोजी भाईंदरचे, घरचं मिठागर. मापावर गोण्या उतरवून घेणं हे त्यांचं काम. अडुसष्ट साली बोरिवलीच्या एका म्हाताऱ्या पारशानं त्यांना आपली दुसऱ्या महायुद्धाआधीची मॉरिस मोटार दिली आणि तिथून आमच्या द्वारकाताईच्या नशिबाला चाकं लागली. ताई बारीक, अबोल. तारोडीला माहेरी यायचं म्हटलं की ती हौसेनं गाडीत बसायची. पण मोरव्याच्या वळणावर गाडी अशी कलायची की ताई आधी भावोजींच्या अंगावर जायची आणि मग दारावर आपटायची. भावोजींना तिच्या कपाळाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वळणावर वेग कमी करावा लागतो याचं दुःख जास्त होतं. वळण पाय न उचलता घेता आलं पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं.

उपाय एकच, पाटे वाढवायचे. पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या पोलादी कमानी, एकावर एक बांधलेल्या. भाईंदर पश्चिमेला बाबाजी लोहार होता, मिठाच्या लॉऱ्यांची कामं करणारा. त्यानं सगळ्यांना विचारायचा तोच प्रश्न विचारला.

"ओझं किती?"

आता इथं दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं, मी आणि बायको. पण भावोजींच्या सात पिढ्या मिठात. होडी असो, बैलगाडी असो, ओझं म्हणजे गोण्याच.

"सहा," भावोजी म्हणाले.

बाबाजीनं सहा गोण्या गाडीत टाकल्या आणि गाडी सरळ उभी राहीपर्यंत लॉरीचे मोडके पाटे कापून बसवत गेला. पाचाचे अकरा झाले. त्या दिवशी भरल्या गाडीनं मोरव्याचं वळण असं घेतलं की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहिली. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग गोण्या उतरवल्या आणि गाडी टेबलासारखी ताठ झाली. रिकामी गाडी खडा लागला तरी उडायची. भावोजींची टोपी दोनदा छताला लागून डोळ्यांवर आली. जास्तीचे पाटे काढले असते तर मिटलं असतं. पण नाही! त्यांनी मागची सीट काढली आणि गोण्या कायमच्या आत ठेवल्या. पाच मागं, एक पुढं, ड्रायव्हरशेजारी. माणसं बसवायची तर मीठ काढावं लागे, आणि मीठ काढलं की माणसं बसून राहत नसत. तीन वर्षं ताई माहेरी एसटीनं आली. आम्ही अंगणात उभे असायचो तेव्हा आधी भावोजी नि मीठ यायचं, मागून ताई.

एकाहत्तर साली माझं लग्न ठरलं. आमच्या घरी नवऱ्या मुलाला पहिली हळद थोरल्या बहिणीनं लावायची असते. भावोजींनी निरोप धाडला, ताईला गाडीतूनच आणतो. तिला मागं, गोण्यांच्या फटीत बसवलं.

राईजवळ एक गोणी सरकून दार किलकिलं झालं. भावोजींनी गाडी थांबवली. ताई उतरली, गोणी आत लोटली आणि ती नीट बसली का ते बघायला बाहेरूनच दार लावलं. दार लागल्याचा आवाज आला आणि भावोजींनी गाडी सोडली.

तिथून तारोडीपर्यंत ते तिच्याशी बोलत आले. हे वळण बघ, ते वळण बघ. ताई बोलत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. वाजंत्री थांबली, आई ओवाळायला ताट घेऊन पुढं आली. भावोजी रुबाबात उतरले.

"सांग तुज्या भावाला, कशी आली गाडी!" म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं.

आईनं पाच गोण्यांसमोर ताट धरलं होतं.

मी पाटावर उघडा बसलो होतो. दीड तास बसलो. पाहुणे कुजबुजत होते, भावोजी उलटे शोधायला निघाले तर हळदीला आलेल्या बैलगाड्यांनी रस्ता अडवलेला. शेवटी ताई चालत आली, नऊवारीला गुडघ्यापर्यंत धूळ. तिनं हात धुतले आणि मला हळद लावली. मला रडू आलं. मग ती भावोजींकडं वळली.

"द्वारके, तू उतरलीस ते गाडीला कळलंच न्हाय," ते म्हणाले. "तुजं वजन ते केवढं! अकरा पाट्यांना काय कळनार?"

"गाडीला न्हाय कळलं," ताई म्हणाली. "तुमाना पन न्हाय कळलं?"

लग्न लागलं, मांडव उतरला, ताई परत गेली नाही. एसटीनंसुद्धा जाणार नाही म्हणाली. भावोजी दर रविवारी यायचे, ओट्यावर बसायचे, चहा पिऊन जायचे. ती आतून बाहेर येत नव्हती. बहिणीचा संसार मिठामुळं मोडतोय हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. पाचव्या रविवारी माझी सहनशक्ती संपली आणि मी त्यांना नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

सहाव्या रविवारी गाडी रिकामी आली. इतकी उडत आली की भावोजींचा ओठ फुटला होता. त्यांनी जॅक आणि पाने अंगणात मांडले आणि दारातून हाक मारली.

"द्वारके, जरा येऊन बस."

कशी कोण जाणे, ताई आली. बसली. भावोजींनी खाली वाकून बघितलं, गाडी तसूभरही दबली नव्हती. तिला उतरवलं, गाडी उचलली, चारी चाकांचा एकेक पाटा काढला, पुन्हा बसवलं. दबली नाही. पुन्हा उतरवलं. दुपार झाली, अख्खी आळी कुंपणाशी जमली. माझी आई चांगली वजनदार. काम लवकर उरकावं म्हणून ती दाराशी गेली तर भावोजी खालून ओरडले, "सासूबाय, तुमी नको!"

तिन्हीसांजेला पाच पाटे उरले. ताई बसली. कमान हलकेच करकरली आणि गाडी तिच्या बाजूला दोन बोटं खाली गेली.

भावोजी गाडीखालीच उताणे पडून होते.

"कळलं," ते म्हणाले.

ताई उतरली नाही. तिनं मला आतून तिची पेटी आणायला सांगितली.