रुमैथियातली पहिली फेरी

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायला हवं! गेल्या शुक्रवारी आम्ही इथे आखातात, रुमैथियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून ब्रिटनचा एक खासदार निवडून आणला. ब्रिटनला अजून पत्ता नाही.

तर डेरेक हे बाबांचे साहेब. प्लांटमधलं आख्खं प्लॅनिंग त्यांच्या हाताखाली. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय आणि एक वर्ष वाढवायचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर पडून होता. सही झाली तर माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष इथे. नाही तर बाबांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला की माझाही गेला, बॅगा भरा आणि चला नाशिकला!

आणि नेमका ह्याच वेळी साहेबांचा भाऊ ब्रायन इंग्लंडमध्ये पोटनिवडणुकीला उभा राहिला. एका छोट्याशा पक्षाकडून. त्यांचं म्हणणं, ब्रिटन युरोपमधून बाहेर पडलं खरं, पण नीट बाहेर पडलंच नाही. (घटस्फोट झाला, भांडी वाटून घ्यायची राहिली, असं काहीतरी.) त्यात त्याच जागेवर ह्याच मताचे तीन छोटे पक्ष!

"तिघांचं म्हणणं एकच, मग एकत्र का नाही लढत?" बाबांनी साहेबांना विचारलं होतं.

"कारण ते तिघं एकमेकांना ओळखतात," साहेब म्हणाले.

आईला हे लगेच पटलं. इथल्या आमच्या ढोल पथकाची चार वर्षांत तीन पथकं झालीत.

गुरुवारी तिकडे मतदान, रात्रभर मोजणी, म्हणजे निकाल आपल्या शुक्रवारी सकाळी. साहेब इथे एकटेच राहतात. आई म्हणाली, "बिचारा एकटा काय बघत बसणार? नाश्त्याला बोलवा."

बाबांनी आम्हाला बजावलं, "निवडणुकीवर कोणी बोलायचं नाही. विशेषतः तू."

"मी काय बोलणारे?"

"तेच तर कळत नाही ना आधी!"

सकाळी सातला साहेब इस्त्रीचा शर्ट घालून हजर. टीव्ही लागला आणि मी गारच पडले! एवढा मोठा देश, आणि खासदारकीचा निकाल शाळेच्या जिममध्ये! मागे बास्केटबॉलची रिंग! स्टेजवर सगळे उमेदवार शाळकरी मुलांसारखे रांगेत, आणि त्यांच्यात एकजण आख्खा टोमॅटो बनून आलेला!

"हा पण उमेदवार?" आई.

"हो," साहेब म्हणाले.

"आणि ह्याला कोणी हाकलत नाही?"

"का हाकलतील? त्याने फॉर्म भरलाय."

आईने नकळत पदर सावरला. (हे संवाद इंग्रजीत झाले. आईचं इंग्रजी आहे तसं लिहिलं तर तुमची सकाळ वाया जाईल.)

मग गळ्यात मानाची साखळी घातलेल्या एक बाई निकाल वाचायला माइकपाशी आल्या. आडनावांच्या क्रमाने नावं. ब्रायनचं आडनाव ॲडकिन, म्हणजे पहिलाच नंबर! "ब्रायन ॲडकिन... नऊशे बारा."

आता मला सांगा, आपण लहानपणापासून निकाल कसे बघतो? पहिल्या फेरीअखेर अमुक आघाडीवर, सातव्या फेरीअखेर तमुक. पाच-पाच तास! तर पहिल्या फेरीत नऊशे बारा, आणि बाकी कुणाच्या खात्यात अजून काहीच नाही. मी उडीच मारली. "आघाडी! आई, अंकलचा भाऊ आघाडीवर!"

"नाही, ते..." साहेबांनी तोंड उघडलं.

उघडलं तेच चुकलं. आईने त्यात शिऱ्याचा चमचा घातला! "भाऊ आघाडीवर, आणि हे आपल्या सोफ्यावर रिकाम्या कपाळाने?" निरांजन आलं, कुंकू लागलं, आई ओवाळायला लागली. शिऱ्याने भरलेल्या तोंडाने साहेब काहीतरी सांगत होते, मला वाटलं आनंदाने भरून आलंय! मी तेवढ्यात फोटो काढून इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. "डेरेक साहेबांचे बंधू पहिल्या फेरीत आघाडीवर!!!" त्या ग्रुपवर बाबांचं अर्धं ऑफिस आहे. पंधरा सेकंदांत हार, सिंह आणि गुलालाचे स्टिकर.

इकडे बाई वाचतच होत्या. कुणाला अकरा हजार. कुणाला नऊ. टोमॅटोला अकराशे.

"अंकल, दुसरी फेरी कधी?"

साहेबांनी शिरा गिळला. "कसली फेरी?"

"म्हणजे... एकूण किती फेऱ्या?"

"एकच."

एकच! सगळी मतं आधी मोजून, एकदाच सांगून, विषय संपला?! आमच्या घरात फक्त निरांजनाची वात हलत होती. बाबा टिश्यूपेपरवर बेरीज करत पुटपुटले, "तिघं एक झाले असते तर डिपॉझिट वाचलं असतं, सर." हे कुणीच विचारलं नव्हतं.

पण टीव्हीवर बघा! जिंकलेल्याने टोमॅटोशी हात मिळवला. ब्रायनने टोमॅटोचा निसटलेला देठ सरळ करून दिला. हरलेला माणूस मोजणाऱ्यांचे आभार मानून हसत खाली उतरला. आम्ही तिघं उभेच राहिलो होतो.

मग साहेबांच्या फोनवर ब्रायनचाच व्हिडिओ कॉल. "तुझ्या कपाळाला काय झालंय?"

"तू जिंकलास," साहेब म्हणाले. "इथे."

ब्रायन म्हणाला, "इकडे माझी बायकोसुद्धा जागी नव्हती. त्या लोकांना थँक्यू सांग."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि आणखी शिरा मागितला! मी ग्रुपवरचा मेसेज पुसायला गेले, तर तिथे त्यांच्या सत्काराची शाल ठरत होती.

रविवारी फॉर्म सही होऊन आला. एक वर्ष! बाबांनी फोनवर फोटो पाठवला. मुदतवाढीच्या कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, "कर्मचाऱ्याच्या मुलीचं शिक्षण अजून बरंच अपूर्ण असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे."

तुम्ही कधी हरलेल्या माणसाला ओवाळलंय का हो? कुणीतरी हो म्हणा ना, प्लीज!