माझं नाव आणि तो स्पेनवाला

मी जळतो. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सानगडीत तसंही काही लपत नाही. आणि जळलो तो कोणावर, तर सातासमुद्रापलीकडच्या एका धानवाल्यावर, ज्याला मी आजवर फोनच्या काचेतच पाहिलं आहे.

त्याचं असं झालं. बायकोने नागपूरच्या एका संस्थेचा स्पॅनिशचा ऑनलाइन वर्ग लावला होता. घरबसल्या फोनवर बोलायचं काम मिळणार होतं, पण त्याआधी तोंडी परीक्षा पास व्हावी लागणार होती. लिहायला ती पक्की. बोलायला लागली की मात्र दोन शब्दांत गाडी चिखलात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वर्गात बसून भाषा येत नसते, बाहेर बोला. आता सानगडीच्या बाजारात स्पॅनिश बोलायची कोणाशी? ती गाईशी बोलू लागली. भांडी घासताना भांड्यांशी बोलू लागली. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुनेले बाहेरचं लागलं वाट्टे रे."

मग बाईंनीच एक जोडीदार शोधून दिला. स्पेनमध्ये वॅलेन्सिया म्हणून भाग आहे, तिथे तळ्याकाठी त्याची धानाची शेती. त्याला हिंदी शिकायची होती, हिला स्पॅनिश. दुपारच्या चहानंतर फोन, अर्धा वेळ त्याचा, अर्धा हिचा. मीच म्हणालो होतो, "बोल ना, त्यात काय होते." नसता मोठेपणा नडतो माणसाला.

आधी नुसतं ओला, ओला, म्हणजे नमस्कार, नमस्कार, चालायचं. मग हसणं ऐकू येऊ लागलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायचो.

"काय म्हनला?"

"काही नाही."

काही नाही म्हणे! काही नाही तर मग एवढं हसायला काय झालं? माझ्या एखाद्या गोष्टीवर ती अशी पोट धरून हसल्याचं मला तर आठवेना. एकदा व्हिडिओत डोकावलो, तर माणूस दिसायला बरा होता. त्याचं धानही बरं होतं. आमचा रोवणा अजून सुरू व्हायचा होता आणि याचं धान मांडीला लागत होतं. मी म्हटलं, लावणी केव्हा केली यानं? ती म्हणाली, "त्यायच्याकडे मे महिन्यातच पेरते जी, मशीननं." त्याची बाजू कशी चटकन घेतली बघा.

तरी हे सगळं मी गिळलं. खरा जाळ लागला तो नावावरून.

आमच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की नवऱ्याची उमर घटते, असं आई मानते आणि आईचं न मानणारा घरात कोणी नाही. साकोलीच्या बँकेत साहेबाने विचारलं, मिस्टरांचं नाव? तर ही माझ्याकडे बघत उभी राहिली आणि माझं नाव मीच सांगितलं. तिच्या फोनमध्ये माझा नंबर 'पोरीचे बाबा' या नावाने आहे. हाक मारायची तर "अजी". लग्नात उखाणा घेतला तेवढाच, आणि नेमकं नावाशी येताच बँडवाल्याने पिपाणी फुंकली. तेव्हापासून वाटायचं, एकदा तरी हिच्या तोंडून आपलं नाव ऐकावं. म्हातारा व्हायच्या आत ऐकावं. कोणाला सांगणार? लोक हसतील.

तर एका दुपारी मी खोलीबाहेर खताची पोती लावत होतो आणि आतून आवाज आला, "मी मारीदो से यामा..." आणि पुढे माझं नाव. आडनावासकट, स्वच्छ, न अडखळता. पोतं माझ्या हातातून सुटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी कान आसुसले होते, ते त्या गोऱ्याला फुकटात ऐकायला मिळालं!

फोन संपायची वाटही मी कशीबशी पाहिली.

"त्याले माहं नाव काहून सांगितलं?"

"धडाच हाय तसा. नवऱ्याचं नाव काय, तो काय करते. नाव विचारलं त का सांगू, अजी सांगू?"

"अन् स्पॅनिशमधी उमर नाही घटत का माही?"

"तिकडं नाही घटत," म्हणाली आणि हसली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "अजी, तुमी त जळून राहिले!"

"जळते माही जुती," मी म्हटलं, आणि रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या फोनवर स्पॅनिश शिकवणारं ॲप घेतलं. वर्ग नाही, बाई नाही, वही नाही. शेतात मोटर सुरू करायची आणि पंपाशेजारी बसून पुटपुटायचं. मीओ म्हणजे माझं, तूयो म्हणजे तुझं. मीओ मला एका दमात पाठ झालं, तूयो काही केल्या लक्षात राहीना. बाकीचं शिकायची मला गरजच नव्हती. मला फक्त एक प्रश्न हवा होता, कारण मनात बेत ठरला होता. स्पॅनिशमध्ये विचारायचं, म्हणजे तिला स्पॅनिशमध्ये उत्तर द्यावं लागेल, आणि तिकडं तर उमर घटत नाही.

तलावाखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आमचा रोवणा सुरू होता. गावच्या बाया रांगेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या, तीही त्यांच्यात होती. हाताने धान कसं लावतात ते त्या स्पेनवाल्याला दाखवायचं म्हणून त्या दिवशीचा फोन बांधीवरच येणार होता. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आई पान खात बसलेली. मी म्हटलं, फोन यायच्या आतच उरकू. पऱ्ह्याच्या पेंड्या फेकता फेकता मी मोठ्याने विचारलं, "कोमो से यामा तु मारीदो?"

बाया उठून उभ्या राहिल्या. "काय म्हनते वं हा?"

"नवऱ्याचं नाव विचारते," ती म्हणाली. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर एक शिंतोडा. मग सगळ्या तिच्याकडेच बघू लागल्या. आईचं पान चावणं थांबलं.

"से यामा..." ती म्हणाली आणि थांबली. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"से यामा अजी."

बाया अशा हसल्या की एक मागच्या मागे चिखलात बसली. आईही हसली. मी पाय आपटत धुऱ्यावर जाऊन बसलो. त्या परक्याला आख्खं नाव आणि मला सगळ्यांसमोर ठेंगा!

तेवढ्यात त्याचा फोन आला. तिने पदराला हात पुसले, बांधी दाखवली, पऱ्हे दाखवले, बायांनी हात हलवले. मग तिने त्याला काहीतरी सांगितलं, मधूनमधून हसत, माझ्याकडे बोट दाखवत. काय सांगितलं ते कळायला मला ॲपची गरज नव्हती. तो खदाखदा हसला आणि काचेतून मला हात करून ओरडला, "ओला, अजी!"

माझ्या अंगाचा भडका उडाला. अजी? हा मला अजी म्हणणार? लग्न झाल्यापासून एका हिच्याखेरीज जगात मला कोणी त्या हाकेने बोलावलं नव्हतं. नाव तर काय, राशनकार्डावर आहे, मतदारयादीत आहे, सोसायटीच्या फळ्यावर आहे. ते कोणीही घ्यावं.

मी चिखलात उतरलो. "सांग त्याले," मी म्हटलं, "माहं नाव घे म्हना. आडनावासकट घे, दिवसभर घे. पन अजी नाही म्हनाचं. सांग!"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे वळली आणि बोलू लागली. परीक्षेच्या नुसत्या नावाने जिची बोबडी वळायची, ती कुठेही न थांबता बोलत होती, चिखलाचा हात हवेत हलवत. मला त्यातलं काही कळेना. मारीदो ऐकू आलं, अजी ऐकू आलं. तो हसायचा थांबला. आणि अगदी शेवटी, स्वतःच्या छातीवर हात ठेवून ती जे म्हणाली, ते मला कळलं.

"मीओ."

मग तिने फोन बंद केला, कमरेला खोचला आणि वाकली.

"अजी, उभे काहून राहिले? पऱ्हे फेका ना इकडं."